बनाना ओढताना बोट उठत नाही, पंखा कोणता बसवायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. देवबागला खाडीच्या मुखाशी चालणारी अठरा-एकोणीस फुटी फायबर बोट, तिला ११५ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेलं इंजिन, आणि इंजिनासोबत आलेला तीन पात्यांचा सव्वातेरा बाय सतराचा अॅल्युमिनियमचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. चालक आणि मदतनीस एवढेच असले की बोट छान पळते. मागे आठ जणांचा बनाना, म्हणजे पर्यटकांना बसवून ओढायचा हवा भरलेला लांबट तराफा, बांधला की नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर जाते, इंजिनाचा आवाज जड होतो आणि बोट पाण्यावर यायला, म्हणजे उचलून पाण्याच्या पृष्ठावर पळायला (यालाच प्लेन म्हणतात), फार वेळ लागतो. टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे मोजणाऱ्या काट्यावर, पूर्ण थ्रॉटलला नुसत्या बोटीचे ५६०० आरपीएम (मिनिटाला फेरे) दिसतात आणि बनानासकट ४६००. एकाने स्टेनलेसचा पंखा घ्यायला सांगितलंय, दुसऱ्याने मोठं इंजिन.

या आकड्यांवरून माझं उत्तर: इंजिन बदलू नका. पिच दोन इंचांनी कमी करा, म्हणजे १५ घ्या, आणि जमलं तर चार पात्यांचा पंखा घ्या. धातू अॅल्युमिनियमच ठेवा. आता कारणं, कारण ती कळली नाहीत तर पुढच्या वेळी दुकानदार देईल तो पंखा घ्यावा लागेल.

पंख्यावर दोन आकडे कोरलेले असतात, दोन्ही इंचांत. पहिला व्यास, दुसरा पिच. पिच म्हणजे पंख्याने एक फेरा पूर्ण केल्यावर तो पाण्यात किती पुढे सरकायला हवा ते अंतर, पाणी अजिबात निसटत नाही असं धरून. सतराची पिच घेऊन आठ माणसं ओढणं म्हणजे भरलेली एसटी चौथ्या गिअरवर घाटात घालण्यासारखं आहे. इंजिनात ताकद असते, पण ती ज्या आरपीएमवर मिळते तिथपर्यंत त्याला पोचताच येत नाही.

तुमच्या वर्गातल्या बहुतेक फोर-स्ट्रोक इंजिनांची पूर्ण थ्रॉटलच्या आरपीएमची पट्टी ५००० ते ६००० असते. मॅन्युअलमध्ये ती दिलेली असते, एकदा उघडून खात्री करून घ्या. पूर्ण थ्रॉटल देऊनही इंजिन ४६०० वरच अडकतं, याचा अर्थ ते दबलेलं आहे. असं रोज चालवलं तर पिस्टन आणि बेअरिंगवर ताण येतो, तापमान वाढतं, कार्बन साचतो, पेट्रोलही जास्त जातं. म्हणजे बोट उशिरा उठते एवढंच तुमचं नुकसान नाही. दर सीझनला इंजिनाचं आयुष्य कमी होतंय.

नियम असा की पिच एक इंच कमी केली की पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम साधारण १५० ते २०० वाढतात. दोन इंचांना ३०० ते ४००. तुमचे ५६०० मग ५९५० च्या आसपास जातील, पट्टीच्या वरच्या टोकाला पण आत. बनानासकटचे ४६०० जातील ५००० च्या जवळ. १३ ची पिच घेतली तर ओढ आणखी सुधारेल, पण नुसती बोट ६३०० कडे धावेल आणि फेरे हद्दीबाहेर जाऊ न देणारा लिमिटर लागून इंजिन झटके देऊ लागेल. म्हणून १५. यामाहाच्या या वर्गाच्या अॅल्युमिनियम मालिकेत पंख्याच्या नावाच्या शेवटी 'के' अक्षर असतं आणि त्यात पिच कमी होते तसा व्यास थोडा वाढतो: सव्वातेरा बाय सतरा, साडेतेरा बाय पंधरा, तेरा पूर्णांक पाच अष्टमांश बाय तेरा. व्यास वाढला की पंखा जास्त पाणी धरतो, आणि तेच आपल्याला हवंय. त्यामुळे व्यासाची वेगळी चिंता करू नका. त्याच मालिकेतली पिच बदलली की व्यास बनवणाऱ्याने जुळवलेला असतो.

हे अंदाज प्रत्यक्ष मोजून पक्के करायचे, आणि मोजताना निसटण, म्हणजे स्लिप, काढायची. सूत्र सोपं आहे: आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेऱ्याला इंजिनाचे किती फेरे), भागिले १२१५. उत्तर येतं तो नॉटमधला, म्हणजे ताशी सागरी मैलांतला, सैद्धांतिक वेग. यामाहाच्या एफ११५ चा गिअर रेशो २.१५ आहे, तो धरून तुमची बोट मांडू. ५६०० गुणिले १७ म्हणजे ९५,२००. भागिले २.१५, भागिले १२१५, उत्तर ३६.४ नॉट. मोबाइलच्या जीपीएसवर समजा ३१ दिसले, तर निसटण सुमारे १५ टक्के. हलक्या प्लेनिंग बोटीला हे चांगलंच आहे. आता बनानासह ४६०० वर हाच हिशेब केला तर सैद्धांतिक वेग २९.९ नॉट येतो. प्रत्यक्षात १८ च मिळत असतील तर निसटण जवळपास ४० टक्के. म्हणजे पंखा पाणी मागे ढकलतोय कमी आणि घुसळतोय जास्त. इथे नुसती पिच कमी करून पुरत नाही, पाण्याला धरणारं पात्याचं क्षेत्रफळही वाढायला हवं. चौथं पातं यासाठी.

चार पात्यांचा पंखा सुरुवातीची ओढ चांगली देतो, वळणावर सुटत नाही, बोटीची मागची बाजू उचलून धरतो आणि कमी वेगातही बोट पाण्यावर टिकवतो. बनाना आणि बंपर राइडला तुम्ही तीस नॉटने पळवतच नाही, पंधराच्या आसपास धरून ठेवता. तिथे बोट प्लेनवरून खाली बसली की पुन्हा उठवायला पेट्रोल आणि वेळ दोन्ही जातात, म्हणून हा गुण सर्वांत मोलाचा. किंमत काय मोजता? वरच्या वेगातले एक-दोन नॉट, आणि त्याच पिचच्या तीन पात्यांपेक्षा ५० ते १५० आरपीएम कमी. म्हणून चार पाती १५ पिचला नुसत्या बोटीचे आरपीएम ५८५० च्या आसपास येतील. ही जागा मला तीन पात्यांच्या ५९५० पेक्षा जास्त आवडते, कारण संध्याकाळी रिकाम्या परतीला कोणी थ्रॉटल दाबून धरला तरी इंजिन हद्दीत राहतं.

स्टेनलेसचा सल्ला चुकीचा नाही, पण तुमच्या जागेला बसत नाही. स्टेनलेसची पाती पातळ आणि ताठ असतात, ताणाखाली वाकत नाहीत, म्हणून ओढ आणि वेग दोन्ही थोडे सुधारतात. काही स्टेनलेस पंख्यांना पात्याच्या मुळाशी छोटी भोकं असतात, त्यातून कमी आरपीएमला एक्झॉस्टचा वायू पात्यांवर येतो, पंखा हलका फिरतो आणि इंजिन पटकन वर चढतं. हे सगळं खरं. पण देवबागचं मुख म्हणजे सरकती वाळू, मालवणच्या बाजूला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती खडक, आणि सगळीकडे जाळी. अॅल्युमिनियमचं पातं खडकाला लागलं की ते वाकतं किंवा तुटतं, आणि धक्का तिथेच जिरतो. स्टेनलेसचं पातं तसं सहज हार मानत नाही, मग धक्का शाफ्ट आणि गिअरपर्यंत पोचतो. पंख्याच्या मध्यावरच्या हबमधलं रबर थोडा झेलतं, पण सगळा नाही. खालचा गिअरबॉक्स उघडायला लागला तर त्या खर्चात पाच-सहा अॅल्युमिनियमचे पंखे येतात आणि सीझनचे दिवस जातात ते वेगळेच. खोल, स्वच्छ पाण्यात वेकबोर्ड किंवा स्कीसाठी (बोटीमागे दोर धरून फळीवर उभं राहायचे खेळ) चालणारी बोट असेल तर मी बिनदिक्कत स्टेनलेस म्हणेन. चार पाती अॅल्युमिनियममध्येही मिळतात, मर्क्युरीचा स्पिटफायर आणि सोलासची अमिता मालिका हे त्यातले माहितीतले.

आणखी एक गोष्ट लोक बघत नाहीत, ती म्हणजे पात्याच्या मागच्या कडेचा बारीक वाक, ज्याला कप म्हणतात. हा वाक पाणी सुटू देत नाही. वळणावर किंवा लाटेत पंखा हवा खेचतो तेव्हा कपवाला पंखा बराच वेळ पकड टिकवतो. वाळूत घासून घासून हा वाक झिजतो, आणि स्वस्तात दुरुस्त करून आणलेल्या पंख्याला तो बहुतेकदा परत दिलेलाच नसतो. दिसायला नवा, रंगवलेला, पण ओढ नाही, अशी तक्रार असेल तर पहिल्यांदा पात्याच्या कडेवरून हाताचं बोट फिरवून बघा.

पंखा विकत घेण्याआधी मात्र तीन गोष्टी तपासाच, नाहीतर नवा पंखा जुन्या दोषावर पांघरूण घालेल.

पहिली, बोटीचं तळ आणि पोट. पाण्यात उभी राहणारी बोट पंधरा दिवसांत शेवाळ धरते आणि मग बार्नॅकल, म्हणजे तळाला चिकटणारे कवचाचे जीव. नुसत्या त्या खरखरीतपणाने शेकडो आरपीएम जातात. पोटात साचलेलं पाणीही काढा. शंभर लिटर म्हणजे शंभर किलो, तुम्ही दीड माणूस फुकट फिरवताय.

दुसरी, इंजिनाची उंची. पंख्याच्या वरची आडवी पट्टी, जिला सगळे कॅव्हिटेशन प्लेट म्हणतात, ती बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर असावी. त्याहून वर असेल तर ओढताना पंखा हवा घेतो: आवाज एकदम वाढतो, आरपीएम उडतात आणि बोट जागच्या जागी. ओढकामाच्या बोटीला मी ती तळाशी समच ठेवतो. ट्रान्समवरच्या, म्हणजे इंजिन टांगतात त्या बोटीच्या मागच्या भिंतीवरच्या, बोल्टची भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात, एक भोक खाली घेतलं तर बहुतेक वेळा हा त्रास जातो.

तिसरी, हब. पंख्याच्या मध्यात रबराचा किंवा प्लॅस्टिकचा हब असतो, आणि धक्क्याने किंवा म्हातारपणाने तो आतल्या आत घसरायला लागतो. लक्षणं पिच फारच कमी असल्यासारखी: थ्रॉटल दिला की आरपीएम वर जातात, पण बोट वेग घेत नाही. ओळखायचं कसं? आतल्या पितळी बुशपासून बाहेरच्या अॅल्युमिनियमपर्यंत रंगाची एक सरळ रेष ओढा, जोर लावून एक राइड मारा आणि बघा. रेष तुटून सरकली असेल तर हब गेला, पिचचा दोष नाही.

मोजणी कशी करावी यातच सगळं गणित आहे. भरती-ओहोटीच्या मधल्या शांत वेळी जा. कर्ली नदीच्या मुखाशी पाण्याचा प्रवाह जोरात असतो, म्हणून एकच रस्ता दोन्ही दिशांनी पळवा आणि सरासरी घ्या. आधी नुसती बोट, टाकी अर्धी. मग नेहमीचं सामान, लाइफ जॅकेट, दोर, नांगर, दोन माणसं. शेवटी पूर्ण बनाना. पर्यटकांना चाचणीत बसवू नका. वीस लिटरचे पाण्याने भरलेले कॅन बांधा, एक कॅन वीस किलो, तीन-चार कॅन म्हणजे एक माणूस. प्रत्येक वेळी तीन आकडे लिहा: पूर्ण थ्रॉटलचे आरपीएम, जीपीएसचा वेग, आणि थ्रॉटल दिल्यापासून बोट पाण्यावर यायला लागलेले सेकंद. सुरुवातीला इंजिन पूर्ण आत ट्रिम करा, म्हणजे त्याचा खालचा भाग बोटीकडे झुकवा, बोट उठली की हळूहळू बाहेर काढा, आवाज पातळ झाला की थोडं आत घ्या. ट्रिम बाहेर ठेवून सुरुवात केली तर कोणताही पंखा नाळ आकाशाकडे नेणारच, आणि दोष पंख्याला जाईल.

निकाल असा वाचायचा. कामाच्या वजनासह, बनानाशिवाय, आरपीएम पट्टीच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यात यायला हवेत. पूर्ण बनानासह पट्टीच्या खालच्या टोकाखाली जाता कामा नये. पंखा टॅकोमीटर आणि कामाचं वजन पाहून निवडायचा. रिकाम्या बोटीचा कमाल वेग पाहून निवडलेला पंखा ओढकामाला नेहमी जड पडतो, आणि दुकानात सगळे तोच प्रश्न विचारतात.

बसवताना घाई नको. किल स्विचची, म्हणजे इंजिन तातडीने बंद करणाऱ्या बटणाची, दोरी काढा, किल्ली काढा, इंजिन न्यूट्रलला. पात्यात आणि वरच्या पट्टीत लाकडाचा ठोकळा अडकवून नट सोडवा. कॉटर पिन, नट, वॉशर, स्पेसर, पंखा आणि त्याच्या मागचा थ्रस्ट वॉशर ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने फडक्यावर मांडा. थ्रस्ट वॉशर विसरला किंवा उलटा बसला तर पंखा गिअरबॉक्सला घासतो. शाफ्टवर मासेमारीचा तंगूस (नायलॉनचा दोरा) गुंडाळलेला दिसला तर सोडू नका, तो सील कापतो. मग गिअर ऑइल दुधासारखं होतं आणि काम मोठं निघतं. दात्यांवर मरीन ग्रीस भरपूर लावा. खाऱ्या पाण्यात ग्रीसशिवाय बसवलेला पंखा पुढच्या वर्षी हातोड्यानेही निघत नाही. नवा पंखा घेताना शाफ्टच्या दात्यांची संख्या आणि हब किट इंजिनाच्या कंपनीप्रमाणे जुळवा, एफ११५ ला १५ दाते आहेत. नट मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा, आणि पिनचं भोक जुळत नसेल तर नट ढिला करू नका, थोडा पुढेच न्या. पिन दर वेळी नवी, स्टेनलेसची. पहिल्या दिवसाच्या शेवटी पुन्हा आवळून बघा.

पंखा योग्य असूनही चालवण्याची पद्धत बिघडली तर फळ मिळत नाही. दोर सैल असताना थ्रॉटल देणं हा सर्वांत सर्रास होणारा घोटाळा. दोर ताणेपर्यंत आयडलवर जा, ताण आला की दोन-तीन सेकंदांत एकसारखा थ्रॉटल वाढवा. झटक्याने दिला तर पंखा पाणी फाडतो, हवा घेतो, आणि बनानावरचा शेवटचा माणूस मान झटकून पडतो. दोर तरंगता घ्या आणि ट्रान्समच्या दोन कड्यांना ब्रायडल, म्हणजे दोन्ही कडी जोडणारा दोर, लावून मध्ये ओढा. एकाच कड्यावर बांधलं की बोट तिरकी होते, एका बाजूला पंखा उथळ जातो. इंजिनाला दोर कधीही बांधू नका. आणि लोक पाण्यातून वर चढत असताना न्यूट्रल पुरत नाही, इंजिन बंदच. न्यूट्रलला गिअर चुकून लागतो, आणि चार पात्यांचा पंखा तीनापेक्षा दयाळू नसतो.

मोठं इंजिन कधी लागतं? वरची सगळी दुरुस्ती करून, पिच १३ पर्यंत आणूनही पूर्ण बनानासह आरपीएम पट्टीत येत नसतील तेव्हा. किंवा चाळीसच्या टू-स्ट्रोकवर दहा माणसांची बोट आणि बनाना ओढायचा घाट असेल तेव्हा. तिथे कोणताही पंखा चमत्कार करणार नाही, बनानावरची माणसं कमी करा. ज्यांच्याकडे मासेमारीच्या फायबर होडीवरचं चाळीसचं टू-स्ट्रोक आहे त्यांच्यासाठी एवढंच: त्यांची पट्टी साधारण ४५०० ते ५५०० असते आणि पंखे १० ते १३ पिचमध्ये येतात. जाळी आणि मासळी वाहायला बसवलेला पंखा बहुधा ओढकामालाही जवळचा असतो, त्यामुळे आधी मोजा, मग बदला. अशा इंजिनांना टॅकोमीटर नसतो. स्पार्क प्लगच्या वायरीवर गुंडाळायचा छोटा डिजिटल टॅकोमीटर मिळतो, तो इंजिनाच्या स्पार्कप्रमाणे सेट करून घ्या. त्याशिवाय कानावर भरवसा ठेवून पंखा निवडू नका.

तापोळ्याच्या शिवसागरात किंवा पवना धरणात बोट चालवणाऱ्यांनी एक इंच आणखी कमी धरावा. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला साधं इंजिन सुमारे ३ टक्के ताकद गमावतं, आणि हे जलाशय सहाशे मीटरच्या वर आहेत. गोड्या पाण्यात बोट थोडी खोलही बसते. समुद्रावर १५ ने बरोबर बसलेली बोट तिथे १४ मागते. वेकबोर्डला ताशी अठरा ते चोवीस मैल, स्कीला पुढे तीसच्या घरात वेग लागतो, म्हणून त्यांना पिच फार खाली नेऊ नका, नाहीतर उठेल लवकर पण वेग पुरणार नाही. वेकसर्फ मात्र आउटबोर्डच्या मागे करूच नये. त्यात माणूस बोटीच्या अगदी मागे असतो आणि पंखाही तिथेच.

तुमचा जुना १७ चा पंखा फेकू नका. हब तपासून, कडा साफ करून तो बोटीतच ठेवा, सोबत दोन कॉटर पिना, जादा नट, वॉशर, पाना आणि लाकडी ठोकळा. वाळूवर पातं गेलं तर पर्यटकांना किनाऱ्याला आणायला तो पुरतो. फक्त त्याच्यावर बनाना बांधू नका.